आरव्हीतला आडवा बंब: टाकी रिकामी का आणि कशी करायची

ऑक्टोबर अर्धा सरला की इथे मिशिगनमध्ये रात्रीचं तापमान शून्याच्या आसपास घुटमळायला लागतं. त्या आठवड्यात कधीतरी मी आमच्या ट्रेलरच्या डाव्या अंगाचं एक पत्र्याचं दार उघडून त्यासमोर बसतो. दार दीड-दोन वीत लांबरुंद. आत गॅसची बारीक नळी, बर्नर, धुराचं तोंड, वरच्या बाजूला एक पितळी व्हॉल्व्ह आणि अगदी खाली एक मोठा षटकोनी बोल्ट. हा आरव्हीचा वॉटर हीटर. आरव्ही घेतलेल्या इथल्या मराठी मित्रांपैकी जवळपास प्रत्येकाने मला कधी ना कधी विचारलंय की हा खालचा बोल्ट कशाचा आणि तो खरंच दरवर्षी उघडायचा असतो का. उघडायचा असतो. का आणि कसा, ते नीट सांगतो.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमच्या शेजारच्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे, त्याच्या परिसरात अमेरिकेतल्या या गाड्या मोठ्या संख्येने बनतात. ओटा, फ्रिज, संडास, शॉवर सगळं आत बसवलेलं, आणि शॉवर आला की गरम पाणी आलंच. बहुतेक आरव्हींत त्यासाठी ६ किंवा १० गॅलनची, म्हणजे साधारण २३ किंवा ३८ लिटरची टाकी असते. ती प्रोपेन गॅसवर तापते. कॅम्पग्राउंडवर वीज मिळाली तर चालावं म्हणून बऱ्याच टाक्यांत १४०० वॉटच्या आसपासचं एलिमेंटही असतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी टाकी उघडून बसलो होतो तेव्हा ती शेजारी खुर्ची टाकून बसली. थोडा वेळ तिने आत बघितलं आणि म्हणाली, "बंब आडवा केलाय होय रे!" मी इतकी वर्षं लोकांना आकृत्या काढून समजावत होतो, तिने ते तीन शब्दांत सांगितलं.

खरोखरच तो आडवा बंब आहे. तांब्याच्या बंबात मधोमध जाळाची नळी असते, तिच्याभोवती पाणी. नळीत ढलप्या नाहीतर शेंगांची टरफलं घालायची, राख खाली जाळीतून पडायची आणि धूर वरच्या नळकांड्यातून जायचा. आरव्हीच्या टाकीतही जाळाची नळी पाण्यातून जाते, फक्त ती उभी नसून आडवी असते. बर्नरची ज्योत एका टोकातून आत शिरते, नळी आत वळसा घेऊन परत येते आणि धूर त्याच पत्र्याच्या दारातून बाहेर पडतो. थंड पाणी टाकीत खालून येतं, गरम पाणी वरून निघतं.

बंबाचे दोन नियम आमच्या घरात पोराटोरांनाही पाठ होते. पाणी घातल्याशिवाय जाळ घालायचा नाही, कारण बंब कोरडा तापला की त्याच्या सांध्यांचे डाग सुटतात. आणि जेवढं गरम काढाल तेवढं थंड ओतायचं. आरव्हीत दुसरा नियम नळाचं प्रेशर आपोआप पाळतं. पहिला मात्र आपणच पाळायचा असतो. तो मी एकदा मोडलेला आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

तळाशी काय साठतं

गरम पाणी वरून निघतं म्हणजे तळाशी जे बसतं ते तिथेच राहतं. जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते विरघळलेल्या रूपात टिकत नाहीत, चुन्यासारखी घट्ट खपली होऊन बाहेर येतात, आणि जिथे सगळ्यात जास्त उष्णता तिथे आधी चिकटतात. म्हणजे जाळाच्या नळीवर आणि एलिमेंटवर. बोअरच्या पाण्यावर चालणारा गीझर ज्यांनी उघडून पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. खपलीचा थर उष्णता अडवतो. मग तेवढंच पाणी तापवायला गॅस जास्त जळतो, आणि एलिमेंटची उष्णता पाण्यात न जाता त्याच्याच अंगात राहते, त्यामुळे ते लवकर मरतं.

थंडी टाळायला जे लोक हिवाळाभर ॲरिझोनात जाऊन राहतात त्यांच्या टाक्यांत हा थर झपाट्याने वाढतो, कारण तिथलं पाणी फार जड. आम्ही वर्षाला सात-आठ शनिवार-रविवार बाहेर पडतो, तरी दर ऑक्टोबरला मूठभर पांढरी खपली निघते.

खालचा बोल्ट हा नुसता बोल्ट नसतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे.

आरव्हीच्या टाक्या मुख्यतः दोन प्रकारच्या. सबर्बन कंपनीच्या टाक्या पोलादी असतात आणि आतून त्यांना काचेसारखा मुलामा असतो. ॲटवूडच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या. ॲटवूड आता डोमेटिक कंपनीकडे आहे. आपली कुठली ते दारावरच्या किंवा आतल्या लेबलवर दिसतं. नाहीच दिसलं तर बोल्ट बघा. धातूचा मोठा षटकोनी असेल तर टाकी बहुधा पोलादी. पांढरा प्लॅस्टिकचा प्लग असेल तर ॲल्युमिनियमची.

पोलादी टाकीचा बोल्ट बाहेर काढला की त्यामागून हातभर नाही, पण वीतभराहून लांब अशी एक कांडी सरकत बाहेर येते. हा ॲनोड रॉड. नवा असताना तो बोटाएवढा जाड, गुळगुळीत, राखाडी रंगाचा असतो. वर्षभराने तोच असा दिसतो जणू वाळवीने खाल्लेलं लाकूड: खड्डे पडलेले, कुठे बारीक झालेला, कुठे मधली पोलादी तार उघडी पडलेली, बाहेर सुकलेल्या चुन्यासारखा पांढरा चोथा. पहिल्यांदा बघणारा घाबरतो आणि टाकी सडली असं समजतो. उलट आहे. रॉड खाल्ला गेलाय म्हणजे टाकी वाचली आहे.

टाकीच्या मुलाम्याला कुठेतरी बारीक भेग असतेच. तिथे पोलाद पाण्याला लागतं आणि गंजायला बसतं. गंजणं म्हणजे लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन सोडणं. रॉड असतो मॅग्नेशियमचा, आणि हा धातू इलेक्ट्रॉन सोडायला लोखंडापेक्षा कितीतरी उतावीळ. दोन्ही एकाच पाण्यात आणि एकमेकांना जोडलेले असले की मॅग्नेशियम आधी झिजतं, आणि ते शिल्लक आहे तोवर लोखंडाला हात लागत नाही. घरातला थोरला जसा कर्ज आपल्या अंगावर घेतो तसं. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये जहाजांच्या बाबतीत हेच करून पाहिलं होतं. जहाजाच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजायचा, त्याने त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले आणि तांब्याची झीज थांबली. पोलादी जहाजांच्या तळाला आजही जस्ताचे ठोकळे लावतात ते याच कारणाने.

रॉडचा तीन चतुर्थांश भाग संपला की तो बदलायचा. वर्षभर आरव्हीतच राहणाऱ्याला तो सहा महिन्यांतही लागू शकतो. नवा रॉड म्हणजे एका साध्या जेवणाचा खर्च, टाकी बदलणं म्हणजे शेकडो डॉलर आणि दोन दिवस. आम्ही ट्रेलर जुना घेतला तेव्हा मी बोल्ट काढला आणि मागे नुसती तार आली, गंजाने लाल झालेली. आधीच्या मालकाने तो कधी उघडलाच नसावा. टाकी तेव्हा गळत नव्हती हे आमचं नशीब.

ॲल्युमिनियमच्या टाकीला मात्र ॲनोड रॉड लावायचा नाही. त्या टाकीच्या आतल्या अंगालाच रक्षण करणारा वेगळ्या मिश्रधातूचा थर असतो, बाहेरून घातलेल्या कांडीची तिला गरज नाही. तिचा प्लग प्लॅस्टिकचा असतो तोही मुद्दाम, कारण दुसरा धातू ॲल्युमिनियमला लागला की त्या जागी झीज सुरू होते. दुकानात पितळी प्लग मजबूत दिसतो म्हणून बसवू नका. प्लॅस्टिकचे दोन जास्तीचे प्लग डब्यात ठेवा, आटे झिजले की बदला.

रिकामी करताना

घाई केली तर भाजणार, हे आधी डोक्यात ठेवा. टाकीतलं पाणी ५४ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं आणि ते प्रेशरखाली असतं. त्या अवस्थेत बोल्ट सुटला तर रॉड आणि उकळतं म्हणावं असं पाणी दोन्ही थेट समोर बसलेल्याच्या अंगावर येतात. म्हणून गॅस आणि वीज दोन्ही बंद करायची आणि टाकी थंड होऊ द्यायची. मी आदल्या रात्रीच बंद करतो. एलिमेंटचं बटण काही गाड्यांत आतल्या पॅनेलवर असतं, काहींत त्याच पत्र्याच्या दारात खालच्या कोपऱ्यात दडलेलं, आणि काहींत दोन्हीकडे. सगळी शोधून बंद करा.

सकाळी पाण्याचा पंप बंद, बाहेरून होज लावला असेल तर तो नळही बंद. मग आत जाऊन गरम पाण्याचा एखादा नळ उघडायचा. चिळकांडी येते आणि थांबते, म्हणजे प्रेशर गेलं. आता बोल्टला सॉकेट लावायचं. सबर्बनच्या रॉडला एक आणि एक सोळांश इंचाचं सॉकेट लागतं, ते नेहमीच्या संचात नसतं, वेगळं आणावं लागतं. जोर लागतो, दांडा लांब घ्या. शेवटचे आटे हाताने सोडवताना समोर न बसता बाजूला बसा. पाणी धो धो येतं. नंतर वरच्या पितळी व्हॉल्व्हची दांडी उचलली की आत हवा शिरते आणि धार आणखी मोकळी होते.

पाणी थांबलं म्हणजे काम झालं, असं इथे बहुतेकांना वाटतं. पण ड्रेनचं भोक टाकीच्या अगदी तळाला नसतं, थोडं वर असतं. जवळजवळ दोन लिटर पाणी खाली उरतं, आणि सगळा गाळ नेमका त्यातच असतो. बाजारात बागेच्या होजला जोडायची एक बारीक वाकडी नळी मिळते, टाकी धुवायसाठीच बनवलेली. ती भोकातून आत घालायची, पाणी सोडायचं आणि वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायची. पहिल्यांदा दुधट पाणी येतं, मग अंड्याच्या टरफलांसारखे पांढरे तुकडे. स्वच्छ पाणी येईपर्यंत करत राहा. मला दहा मिनिटं लागतात, त्या पहिल्या वर्षी पाऊण तास लागला होता.

परत बसवताना रॉडच्या आट्यांना टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे. आधी हाताने फिरवून आटे नीट बसल्याची खात्री करा, मग पाना. प्लॅस्टिकचा प्लग असेल तर जोर आवरा.

वास, ठिबक आणि पिवळी ज्योत

गरम पाण्याला नासक्या अंड्याचा वास येतो ही तक्रार आरव्हीवाल्यांत सर्रास आहे. काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. साचलेलं कोमट पाणी त्यांना मानवतं, आणि मॅग्नेशियमचा रॉड या रासायनिक घडामोडीला हातभार लावतो. विहिरीच्या पाण्यावरच्या कॅम्पग्राउंडांत हे जास्त. टाकी धुऊन क्लोरीनने स्वच्छ केली की बहुधा जातं: पिण्याच्या पाण्याच्या टाकीत दर १५ गॅलनला पाव कप साधा बिनवासाचा ब्लीच, ते पाणी पंपाने गरम-थंड सगळ्या नळांपर्यंत आणायचं, काही तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. तरी वास परत परत येत असेल तर जस्त मिसळलेला ॲल्युमिनियमचा रॉड लावून बघतात.

खपली फार चिकट असेल तर पांढरं व्हिनेगर दोन भाग आणि पाणी एक भाग टाकीत भरून ठेवतात. त्या वेळी रॉड काढून त्या जागी साधा प्लग लावा, नाहीतर व्हिनेगर आधी मॅग्नेशियमच खाईल. आणि ब्लीच नि व्हिनेगर एकमेकांना कधीही भेटू देऊ नका. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. एकाचं काम झालं की टाकी आणि नळ्या पुरत्या धुवा, मगच दुसरं.

वरच्या पितळी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं तेव्हा लोक तो बदलायला धावतात. हा व्हॉल्व्ह १५० पीएसआय प्रेशर किंवा ९९ अंश तापमान झालं तर टाकी फुटू नये म्हणून उघडणारा रखवालदार आहे. पाणी तापलं की फुगतं, आणि त्या फुगण्याला जागा मिळावी म्हणून टाकीच्या वरच्या भागात हवेचा एक कप्पा असतो. दिवस जातात तशी ती हवा पाण्यात विरघळत जाते, कप्पा संपतो आणि व्हॉल्व्ह ठिबकायला लागतो. उपाय सोपा. टाकी थंड असताना पाणी बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्या, मग दांडी सोडा आणि नळ बंद करा. हवा परत भरली. तरीही ठिबकतच राहिला तर मात्र बदला. आणि ठिबकतो म्हणून त्याच्या तोंडात बूच मारायचा विचारही करू नका.

बर्नरकडे वर्षातून एकदा बघितलं तरी पुरतं. त्याच्या नळीत कोळी जाळी करतात, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. ज्योत निळी, एकसारखी हवी. पिवळी, लवलवती दिसली किंवा दारावर काजळी धरली तर हवेची वाट अडलेली आहे. नळी मऊ ब्रशने साफ करा. तरी पिवळी राहिली तर जाणत्या माणसाला दाखवा, कारण अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो.

बायपास

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. हिवाळ्यात टाकीत पाणी राहिलं तर टाकी फाटते, म्हणून ती रिकामीच ठेवायची. नळ्यांत मात्र लोक गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, आरव्हीसाठी बनवलेलं. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं इथे चालत नाही, ते विषारी असतं. हे गुलाबी पाणी टाकीत शिरलं तर ६ ते १० गॅलन फुकट जातं. म्हणून टाकीच्या मागे, बहुधा पलंगाखालच्या किंवा ओट्याखालच्या कप्प्यात, बायपासच्या तोट्या असतात. तीन तोट्यांचा प्रकार असेल तर हिवाळ्यात टाकीत जाणारी आणि टाकीतून येणारी बंद, मधली उघडी. मग थंड पाण्याची नळी सरळ गरम पाण्याच्या नळीला जोडली जाते आणि टाकी बाजूला पडते. उन्हाळ्यात बरोबर उलट. तोटीची दांडी नळीच्या दिशेत असली की उघडी, आडवी असली की बंद.

दुसऱ्या वर्षी मी चुकलो तो इथे. मे महिन्यात पाण्याचा होज लावला, पंप तपासला, गरम पाण्याचा नळ उघडला. पाणी छान आलं. टाकी भरली असं समजून मी एलिमेंटचं बटण दाबलं. अर्ध्या तासाने नळाला हात लावला तर पाणी थंडच. पलंग उचलून पाहिलं तर तिन्ही तोट्या अजून हिवाळ्यातल्याच जागी. नळाला येत होतं ते बायपासमधून वळून आलेलं थंड पाणी होतं, आणि टाकी आत कोरडी. पाणी नसताना एलिमेंट जळायला एखादं मिनिटही पुरतं. ते गेलं होतं. लहानपणी हजार वेळा ऐकलेला बंबाचा पहिला नियम मी मोडला होता.

तेव्हापासून मी नळाला पाणी आलं एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. रिकामी टाकी भरायला वेळ लागतो. बायपास नीट वळवलेला असेल तर गरम नळ उघडल्यावर पाणी लगेच येणारच नाही. आधी दोन-तीन मिनिटं नुसती हवा येते, फुसफुसते, खोकल्यासारखे झटके देते, मग थांबत थांबत पाणी, आणि शेवटी सलग धार. गरम नळाला पहिल्याच क्षणी पाणी आलं तर बायपास उघडा राहिलाय असं समजा आणि पलंग उचला. दुसरी खात्री म्हणजे बाहेर जाऊन थंड टाकीच्या पितळी व्हॉल्व्हची दांडी क्षणभर उचलायची. तो टाकीच्या वरच्या भागात आहे, तिथून पाणी आलं म्हणजे टाकी भरली.

ऑक्टोबरमध्ये टाकी धुऊन झाली की मी आतल्या पॅनेलवरच्या हीटरच्या दोन्ही बटणांवर निळी रंगाऱ्याची टेप चिकटवतो आणि तिच्यावर पेनाने 'पाणी नाही' लिहितो. मागच्या वर्षी आईने तिकडून फोनवर विचारलं, "बंब भरलास का रे?" मी म्हटलं, नळ अजून खोकतोय. सलग धार लागल्यावर मी टेप काढली.